विषय पहिला: तांबं कशात विरघळवावं

रविवार, जूनमधला शेवटचा, साल पंच्याऐंशी. स्थळ: वाशी, आमच्या घराची बाहेरची खोली. हजर: बाबा (अध्यक्ष), शेजारचे परांजपे सर (तज्ज्ञ), शशीआत्या (नेलपॉलिशच्या मालकीण), आई (चहा) आणि मी, जिच्यामुळे सभा भरली होती आणि म्हणूनच जिला बोलण्याची परवानगी नव्हती. गैरहजर: फेरिक क्लोराइड.

बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगांच्या कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क होते आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळे, दुसऱ्या कामात त्यांचा जीव होता. सोसायटीची सभा महिन्यातून एकदाच व्हायची. तेवढ्यानं त्यांचं भागत नसे, म्हणून उरलेल्या सभा ते घरी घेत. पंखा कुठल्या खोलीत लावायचा, दिवाळीला साताऱ्याला जायचं की साताऱ्याच्या लोकांना इकडे बोलवायचं, दूधवाला बदलायचा की त्याला समज द्यायची, सगळ्याचे ठराव होत. सूचक बाबा, अनुमोदक त्यांची बहीण शशीआत्या. आईचा विरोध असायचा, पण तो स्वयंपाकघरातून यायचा आणि मिक्सर चालू असला की सभेपर्यंत पोचायचा नाही. आज माझ्या कामाच्या याद्या, टाचणं आणि फायली बघून ऑफिसातली पोरं मला हसतात. त्यांना मी एवढंच सांगते की मी घरात जन्मले नाही, कार्यवृत्तात जन्मले.

त्या दिवसाचा विषय होता तांबं. म्हणजे असं की, वाशीत तेव्हा इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि पाणी मात्र आपल्या सवडीनं येत होतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी लोक जेवायला बसल्यावर. ते आधी खालच्या टाकीत पडायचं, मग कुणीतरी जाऊन पंप चालू करायचा, मग वरची टाकी भरायची आणि नळ थोडा वेळ चालायचे. तेवढ्यात ज्याची पिंपं भरली त्याची भरली. पाणी आलंय हे कळायचा एकच मार्ग होता: खाली जायचं, टाकीचं लोखंडी झाकण उचलायचं आणि आत बघायचं. या कामाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. सेक्रेटरीची बायको म्हणून आईची पाळी रोज असे. मी दहावीच्या सुट्टीत शाळेच्या छंदवर्गात एक छोटं यंत्र बनवायला शिकले होते. टाकीत दोन तारा सोडायच्या, पाणी तारांना लागलं की वर घरात बझर वाजतो. मी ते एका फळीवर तारा जोडून करून दाखवलं, आणि बाबांनी त्याच महिन्याच्या सभेत उभं राहून जाहीर केलं की पुढच्या सभेत सोसायटीला पाणीसूचक यंत्र सादर करण्यात येईल, आणि तेही साधंसुधं नाही, प्रिंटेड सर्किटचं. प्रिंटेड हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच ऐकला होता आणि त्यांना तो फार आवडला होता. माझी फळी चालत होती. पण फळी प्रिंटेड नव्हती.

यात माझं काय अडकलं होतं तेही सांगते. मला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचं होतं. फॉर्म आणलेला होता, भरलेला होता, फक्त सही बाकी होती, आणि तो बाबांच्या फायलीत होता. बाबांच्या मते मुलीनं वाशीतल्याच कॉलेजात कॉमर्सला जावं आणि संध्याकाळी टायपिंगचा क्लास लावावा. पण ते लोकशाहीवादी होते. त्यांनी ठराव मांडला: बुधवारच्या सभेत सोसायटीनं यंत्र मान्य केलं, तर सही. नाही केलं, तर टायपिंग. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस गुरुवार. अनुमोदक शशीआत्या. ठराव मंजूर.

प्रिंटेड सर्किट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एका पातळ पट्टीवर तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो. जिथं तांबं ठेवायचं तिथं रंगानं रेघा काढायच्या, मग ती पट्टी अशा द्रावणात बुडवायची की उघडं तांबं विरघळून जाईल आणि रंगाखालचं राहील. रंग पुसला की तांब्याच्या वाटा तयार. माझ्याकडे अशा पट्टीचे तीन तुकडे होते, छंदवर्गातून उरलेले. रंग म्हणून शशीआत्याचं लाल नेलपॉलिश होतं. आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, लग्न केलेलं नव्हतं, राहायला आमच्याकडेच, आणि नेलपॉलिश देताना तिनं मला सांगितलं होतं, "उषे, ही शेड मी बाहेर जाताना पण जपून लावते, आणि तू ती पाण्याच्या टाकीत घालतेस." राहिलं द्रावण. छंदवर्गात आम्ही फेरिक क्लोराइड वापरायचो. मी सभेच्या सुरुवातीलाच तसं सांगितलं. ते लॅमिंग्टन रोडला, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांत, मिळतं हेही सांगितलं.

"लॅमिंग्टन रोडला?" बाबा म्हणाले. "अगं, मी केमिकल कंपनीत नोकरी करतो. आख्ख्या रस्त्यावर दुसरं काही बनतच नाही. आणि आपण खाडी ओलांडून मुंबईला जायचं केमिकल आणायला? लोक काय म्हणतील?"

बाबा कंपनीत गोण्या मोजत. पण त्या रस्त्यावर नोकरी करणारा प्रत्येक माणूस, गेटवरच्या शिपायापासून कँटीनच्या आचाऱ्यापर्यंत, घरी आला की केमिस्ट असायचा. वारा फिरला की सगळी इमारत गॅलरीत येऊन नाक वर करून उभी राहायची आणि आज कुठल्या कंपनीनं काय सोडलंय यावर चर्चा व्हायची. दोघांचं मत कधी जुळलं नाही, पण कुणालाही शंका कधी आली नाही. त्या हिशेबानं बाबांनी कंपनीतल्या ओळखीनं आधीच एक बाटली आणून ठेवली होती. नायट्रिक ॲसिड. ती त्यांनी टीपॉयवर अशी ठेवली, जणू आपण ती स्वतः गाळली आहे.

परांजपे सर ठाण्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पुस्तकातून वाचून दाखवायचे, कारण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे असे आणि शिपाई रजेवर असे. त्यांनी बाटलीकडे बघून मान हलवली. "वसंतराव, हे फार जहाल होईल. माझं मत हायड्रोक्लोरिक. ते कुठंही मिळतं. संडास धुवायला आपण घेतोच की हातगाडीवाल्याकडून."

"संडासाचं ॲसिड सर्किटला?" बाबा दुखावले.

"अहो, ॲसिडला काय माहीत ते कशासाठी घेतलंय!"

मी दहावीला नुकतीच धातूंची क्रियाशीलता घोकलेली होती. तांबं हायड्रोजनच्या खाली येतं, म्हणून नुसतं हायड्रोक्लोरिक ॲसिड तांब्याला काही करत नाही. हा प्रश्न तर आम्हाला परीक्षेत आला होता. मी तोंड उघडलं. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शेजारच्या सरांना त्यांच्याच विषयात दुरुस्त करणं आमच्याकडे बसत नव्हतं. तसं करण्यापेक्षा तांब्यानं आपला नियम बदललेला परवडला असता.

अध्यक्षांनी आपल्या अधिकारात आधी नायट्रिकचा प्रयोग ठरवला. गॅलरीत, चिनी मातीच्या खोलगट बशीत. मी पहिल्या तुकड्यावर रात्री बसून रेघा काढल्या होत्या, काडीच्या टोकानं, श्वास रोखून. बाबांनी ॲसिड ओतलं आणि तुकडा आत सोडला. पुढचं फार लवकर झालं. द्रावण हिरवं झालं, फसफसलं, आणि बशीतून विटकरी रंगाचा धूर उठला. तो जड धूर होता. वर न जाता गॅलरीच्या कठड्यावरून खाली ओघळला. आम्ही सगळे खोकत आत पळालो. खाली जिन्याशी सारसोळे गावची कोळीण हिराबाई टोपली घेऊन बसली होती, ती दर रविवारी यायची. तिचा आवाज आला, "क गो वैनी, कंपनी आता घरानच आनलीस का? मना वाटला माझी मच्छीच करपली!"

धूर गेल्यावर आम्ही बाहेर आलो. बशीत तांबं नव्हतं. आत्याचं नेलपॉलिश सालीसारखं सुटून वर तरंगत होतं आणि खाली कोरी, तपकिरी पट्टी पडली होती. बाबांनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. "तांबं शंभर टक्के गेलंय," ते म्हणाले. "कुणी म्हणू नये की ॲसिड कमी पडलं." दोरीवर वाळत घातलेल्या परकराच्या नाडीचं टोकसुद्धा पिवळं पडलं होतं, ते त्यांनी दुसरं यश म्हणून दाखवलं नाही, एवढाच त्यांचा संयम.

दुपारी सरांची पाळी. हातगाडीवाल्याकडून बाटली आली. आता गॅलरी नको, असं एकमतानं ठरलं, कारण खाली लोक वर बघत उभे होते. नळ जवळ हवा म्हणून स्वयंपाकघराचा ओटा निवडला गेला. ओट्यावर प्लॅस्टिकचा टब, टबात ॲसिड, ॲसिडात दुसरा तुकडा, आणि टबाच्या बरोबर वर आईची मांडणी: स्टीलचे डबे, पातेली, ताटं, वाट्या, सगळी लग्नात आलेली आणि सगळ्यांवर नाव कोरलेली, सौ. विमल वसंत जगदाळे. घरात आईचं पूर्ण नाव दुसरीकडे कुठंच नव्हतं. बाबा तिला "अगं" म्हणायचे, आत्या "वहिनी", मी आई. बँकेत, रेशनकार्डावर, दारावरच्या पाटीवर बाबा होते. तिचं नाव वाचायचं तर ताटात भात संपेपर्यंत थांबावं लागे.

आम्ही बसलो. तांबंही बसलं. सर खुर्ची ओढून टबाकडे बघत होते. दर थोड्या वेळानं म्हणायचे, "सुरू झालंय, बारीक बघा." बाबा बारीक बघायचे. मीही बघायचे. तांब्याला काही होणार नव्हतं हे त्या खोलीत मला आणि तांब्याला माहीत होतं. खरी कोंडी वेगळीच होती. आमच्याकडे रविवारी मटण असे, आणि परांजपे सर कांदासुद्धा न खाणारे. ते ओट्याशी बसलेले असताना मटण शिजायला लावायचं कसं? आईनं चहा केला. मग पोहे केले. मग पुन्हा चहा केला. मसाला वाटून झाकून ठेवला होता, त्याचा वास झाकणाखालून यायला लागला तेव्हा सर कौतुकानं म्हणाले, "काहीतरी रासायनिक क्रिया निश्चित चालू आहे." आत्या तोंडाला पदर लावून आत गेली. शेवटी सर जेवायला उठले आणि जाताना बजावून गेले की टब रात्रभर तसाच ठेवा, घाई नको. मटण संध्याकाळी शिजलं. इतका वेळ वाट पाहिलेलं मटण मी पुन्हा कधी खाल्लेलं नाही, आणि टबातल्या वाफेमुळे त्या चवीला एक धार होती ती जमेस धरली, तरी ते चांगलं झालं होतं.

मध्येच एक सांगून ठेवते. त्याच ॲसिडात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं असतं, जे कान साफ करायला घरोघरी असायचं, तर काम जमण्यासारखं होतं. हे मला पुढे शिकताना कळलं. सर अर्ध्या वाटेवर होते. पण अर्ध्या वाटेवर खुर्ची टाकून बसायची सवय असली की उरलेली अर्धी कुणाला दिसत नाही.

सोमवारी सकाळी आईची हाक आली. तिनं फक्त "अहो" म्हटलं होतं, पण असं की बाबा दाढीच्या फेसासकट गेले. टबात तुकडा जसाच्या तसा होता, उलट ॲसिडानं मळ जाऊन तांबं लखलखीत झालं होतं. वर मांडणीवर मात्र रात्रीत दुसरंच काही उगवलं होतं. डब्यांवर, पातेल्यांवर, ताटांच्या कडांवर गंजाचे बारीक तपकिरी ठिपके. त्या स्टीलला गंज चढत नाही म्हणूनच ते घेतलेलं होतं. आई एकेक भांडं उतरवून पदरानं पुसत होती आणि ठिपके तसेच होते. कोरलेल्या नावातल्या वेलांट्यांत गंज भरला होता, त्यामुळे नाव लांबूनही वाचता येत होतं.

"बाष्प वर जातं," परांजपे सरांनी दारातून येऊन निदान केलं. "तरी तांबं किती स्वच्छ झालंय बघा. प्रगती आहे."

आईनं भांडी खाली मांडली, राख आणि चिंच घेतली आणि घासायला बसली. ती दिवसभर घासत होती.

संध्याकाळी सभा क्रमांक दोन. आता बुधवार जवळ आला होता, एक तुकडा पूर्ण गेला होता, आणि दुसऱ्या तुकड्यावरचं नेलपॉलिश रात्रभर ॲसिडात मुरून कडांनी उचललं होतं. तिसरा, शेवटचा तुकडा मी दप्तरात लपवून ठेवला होता. बाबांनी तो मागवला. मग त्यांनी दोन्ही बाटल्या टीपॉयवर शेजारीशेजारी ठेवल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो सोसायटीत भांडणारे दोन सभासद एकाच वेळी गप्प झाले की येत असे.

"एक फार जहाल आहे," ते म्हणाले. "एक फार मवाळ. मग मी असं सुचवतो की दोन्ही निम्मं निम्मं घ्यावं. दोन्ही मतांचा मान राहील."

"सुवर्णमध्य," सर म्हणाले.

"माझं अनुमोदन," आत्या सवयीनं म्हणाली.

बाबांनी नायट्रिकचं बूच काढलं. आई दारात उभी होती, हाताला राख लागलेली. माझ्या डोक्यात पुस्तकाचं पान उघडलं होतं, चौकटीतली टीप, जी परीक्षेला येत नाही म्हणून कुणी वाचत नाही. मी म्हटलं, "बाबा, ही दोन ॲसिडं एकत्र केली की त्याला अम्लराज म्हणतात. त्यात सोनं विरघळतं."

आईचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. राख लागलेली बोटं तिनं मण्यांवर घट्ट धरली.

"सोनं?" ती म्हणाली.

"हो."

"माझं?"

"कुणाचंही."

"अहो, ती बाटली आधी खाली ठेवा," आई म्हणाली. बाबा समजवायला लागले की मिसळायचं तर टबात आहे, तिच्या गळ्यात नाही. "खाली ठेवा म्हणते ना! माझी भांडी खाल्लीत, मी घासत बसले. आता सोन्यावर आलात? उद्या म्हणाल भिंती विरघळवून बघू." ती पुढे आली, दोन्ही बाटल्यांना बुचं लावली, पदरात धरल्या आणि सरांकडे वळली. "सर, तुमची बाटली तुमच्या संडासात उपयोगी पडेल. घेऊन जा." सर घेऊन गेले. आमच्या घरातली ती पहिली सभा, जी आभारप्रदर्शनाशिवाय संपली.

आत आल्यावर आईनं मला विचारलं, "तुझ्या त्या वर्गात काय वापरायचे?"

"फेरिक क्लोराइड."

"मग दोन दिवस गप्प का बसलीस?"

"मी सांगितलं होतं. रविवारी, सगळ्यात आधी."

ती थांबली. "मिक्सर चालू होता का?"

"नव्हता."

"बरं," ती म्हणाली. "उद्या सकाळी निघू."

आई तोवर एकटी मुंबईला कधी गेली नव्हती. लग्नसमारंभाला जाई तेव्हा बाबा बरोबर असत आणि तिकीट, थांबा, रस्ता कुठून ओलांडायचा हे सगळं ठरावानं ठरलेलं असे. मंगळवारी तिनं ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसली, कारण शहरात जायचं होतं. आम्ही खाडीपुलावरून बसनं गेलो, मग दुसरी बस, मग विचारत विचारत. लॅमिंग्टन रोडच्या त्या अरुंद दुकानात आमच्याशिवाय बाई नव्हती. दुकानदार रेडिओचं काहीतरी उघडून बसला होता. त्यानं वर न बघता विचारलं, "भाभी, लडका कौनसे साल में है?"

"लडका नहीं," आई म्हणाली. "ये खडी है. इसको पूछो."

त्यानं वर बघितलं आणि मला पट्टीचा आकार विचारला, किती पाण्यात किती घालते तेही विचारलं. मी सांगितलं. माझ्या आयुष्यात केमिकलबद्दल मला कुणीतरी विचारलं आणि उत्तर होईपर्यंत थांबलं, असं ते पहिल्यांदा झालं. त्यानं पिवळट तपकिरी ढेपा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. "संभालना. कपडे पे गिरा तो जिंदगीभर नहीं जाएगा."

आई पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसली, कारण खाली ठेवली तर कुणी पाय देईल. फेरिक क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाझरतं. चेंबूर यायच्या आत पिशवीला पाझर फुटला होता, आणि मोतिया साडीवर गंजासारखा पिवळा डाग पसरत चालला होता. मी ओरडले. आईनं पिशवी उचलून बघितली, मग साडी बघितली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हळद सांडली काय?"

"हो, हळदच," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू विचारलं, "उरलं ना पुरेसं?"

"उरलंय."

"मग झालं." तिनं पिशवीखाली आमच्या जेवणाचा रिकामा डबा धरला आणि पदर पुढे ओढून डाग झाकला. ती खाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती आणि मधूनच तिला हसू येत होतं. कशाचं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा सांगितलं नसतं.

बुधवारी सकाळी, बाबा कंपनीत गेल्यावर, मी शेवटचा तुकडा घासून स्वच्छ केला आणि पुन्हा रेघा काढल्या. आत्यानं या वेळी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात देऊन टाकली, आणि कामावर जाताना म्हणाली, "अनुमोदन देऊन देऊन माझी जीभ झिजली. जमव." गॅलरीत प्लॅस्टिकचा टब, कोमट पाणी, त्यात ढेपा. पाणी आपोआप तापलं आणि काळ्या चहासारखं झालं. धूर नाही, फसफस नाही. टब नुसता हलवत राहायचा, म्हणजे द्रावण तुकड्यावरून येजा करतं. मी थकले की आई हलवायची. पाय दुमडून बसायची आणि पाळण्याच्या दोरीची सवय असलेल्या हातानं हलवायची, मध्येच उठून आमटी ढवळून यायची, पुन्हा बसायची. तांबं कडेकडेनं मागे सरकत गेलं. मग मधे. मग लाल रेघांच्या अवतीभवती नुसती पट्टी उरली. मी नेलपॉलिश पुसलं तेव्हा तांब्याच्या वाटा दिसल्या, थोड्या वाकड्या, एका ठिकाणी जाड, पण सगळ्या अखंड.

"ह्यालाच प्रिंटेड म्हणतात?" आईनं विचारलं.

"हो."

"मग हे छापलं कुठं? हे तर खाल्लंय."

प्रिंटेड या शब्दाबद्दल मी त्यानंतर पुष्कळ तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकली. एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

संध्याकाळी बझर आमच्या दारावर आणि तारा खालच्या टाकीत. सभा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. बाबांनी प्रस्तावना सुरू केली. विज्ञान, स्वावलंबन, स्त्रीशिक्षण, सगळं आलं. ते ठरावाच्या वाक्यापर्यंत पोचले होते, "तरी ही सभा असं ठरवते की," आणि वर बझर वाजला. तो इतका कर्कश होता की समोरच्या इमारतीतही खिडक्या उघडल्या. मग कुणीतरी ओरडलं, "पाणी!" कुणी पंपाकडे धावलं, बाकी सगळे जिन्यानं वर, परांजपे सर सर्वांत पुढे. खुर्च्या आडव्या झाल्या. बाबा हातात कागद घेऊन उभे राहिले, मग तेही वर धावले, कारण आमची दोन पिंपं रिकामी होती.

सगळी इमारत पाणी भरून निवांत झाल्यावर मी त्यांच्यासमोर फॉर्म ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

"उषा, मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही. कोरम मोडला. ठराव झाला नाही. ठराव झाला नाही म्हणजे सोसायटीनं यंत्र मान्य केलं नाही, म्हणजे अट पुरी झाली नाही. पुढच्या सभेत घेऊ."

"फॉर्म उद्या द्यायचाय, बाबा."

"त्याला सभा काय करणार?"

आज मला त्यांचा राग येत नाही. ते दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण न्याय करतोय, आणि त्यात त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. पण तेव्हा मी फॉर्म त्यांच्यासमोरून हलवला नाही. आई पिंपांवर झाकणं घालून आली होती.

"पाणी भरलंत ना?" तिनं विचारलं.

"तो मुद्दा वेगळा आहे."

"वेगळा कसा? यंत्र मान्य नाही ना? मग त्याच्यामुळे भरलेलं पाणी पण मान्य नाही. दोन्ही पिंपं खाली नेऊन ओता परत टाकीत. मी झाकणं काढून देते."

आत्या खदखदून हसली. बाबांनी चष्मा घातला, काढला, आणि कार्यवृत्ताची वही उघडून लिहायला लागले, जसं काही आम्ही खोलीतच नव्हतो. आईनं फॉर्म उचलला आणि दिव्याखाली नेला. "इथं काय लिहिलंय?"

"पालकाची सही."

"मग मी कोण आहे?" तिनं बाबांच्याच टेबलावरचं दुसरं पेन घेतलं. सही करायला तिला वेळ लागला. ती सही करत नव्हती, पूर्ण नाव लिहीत होती, सौ. विमल वसंत जगदाळे, भांड्यावर कोरतात तसं सरळ, सुटं सुटं. बोटं फेरिक क्लोराइडनं पिवळी झालेली, त्यामुळे नावाच्या शेजारी अंगठ्याचा डाग उमटला. बाबांनी मान वर केली नाही, पण त्यांचं पेन थांबलं होतं. ते म्हणाले, "तारीख घाल खाली. नाहीतर परत पाठवतील." आईनं तारीख घातली.

गुरुवारी खिडकीवरच्या कारकुनानं फॉर्म उलटसुलट करून डागाबद्दल विचारलं. मी म्हटलं, फेरिक क्लोराइड. त्यानं शिक्का मारला.

बाबांनी पुढच्या वर्षापासून पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली की मुलीला इलेक्ट्रॉनिक्सला आपणच घातलं. कुणी खोडून काढलं नाही. ते गेल्यावर सोसायटीच्या फायली माझ्याकडे आल्या, आणि आता सेक्रेटरी मीच आहे. त्या सभेचं कार्यवृत्त त्यांच्या अक्षरात आहे. शेवटचं वाक्य असं: 'पाणीसूचक यंत्रास मान्यता' हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. पुढील सभेत तो झाला नाही, त्यापुढच्या सभेतही नाही. यंत्र मात्र पुष्कळ वर्षं वाजत राहिलं. दुपारची झोपमोड होते म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारींचे ठराव झाले आणि ते मात्र एकमतानं मंजूर झाले.

आता इमारत पाडून नवी बांधायची आहे आणि त्याआधी सगळे तहकूब विषय निकाली काढायचे आहेत. मी यादी केली आहे. बाकीच्या सगळ्यांवर खूण झाली, हा एक राहिलाय. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून आईला विचारलं, ती सभासद आहे. ती म्हणाली, "एकदा सही केली, तेवढी पुरे. आता तुमचं तुम्ही बघा." आत्या साताऱ्याला असते. सभा या रविवारी आहे, आणि अनुमोदक अजून मिळायचा आहे.